सावरटेपची मोजणी

"गोदे, तुजा सायेब मोटरसायकलवं येनार का बैलगाडीतना, ता तरी सांग एकदाचा. वळकट्या बांधून बसल्याव आमी. कोंबड्या पन टोपलीत घातल्यान. तेनला किती दिस कोंडून ठेवू?"

"येल रं काका. आज नाय त उद्या येल. निवडनूक व्हती ना, त्याच्यापायी लांबलंय."

"निवडनूक झाली, निवडून आला तो परत दिसला नाय, बोटावरची शाई पन गेली. तुजा सायेब काय येत नाय."

"मोजनी झाली का जा. मंग कोन धरून ठेवनार नाय तुमाला. तवर नको. पाया पडते तुज्या."

"पाया नको पडू. पोरां बगतान. मास्तरीन पाया पडली त उद्या पाडं कोन म्हनंल तुज्यापुढं?"

कोंडूनं तंबाखूची चिमूट दाढेत धरली आणि शाळेच्या पायरीवरून उठला. तो वाडीचा मुकादम आणि गोदीचा सख्खा चुलता. दिवाळी झाली की सावरटेपच्या कातकऱ्यांची टोळी घेऊन वीटभट्टीवर जायचं, हा त्याचा धंदा. माणसं, पोरं, भांडी, कोंबड्या, कुत्री, सगळं एका टेम्पोत. पडघ्याकडची एक भट्टी त्याच्या हातातली होती. पाणी जवळ, झोपड्यांना सावली, मालक बाकीच्यांपेक्षा कमी शिव्या देणारा. तो मालक रोज फोन करत होता आणि कोंडू रोज त्याला सांगत होता, "उद्या निघतो शेट." शेट काय बोलत असेल ते कोंडूच्या लाल झालेल्या कानाच्या पाळीवरून कळायचं.

आणि सगळी वाडी थांबली होती ती गोदीच्या शब्दाखातर.

गोष्ट सरळ होती. वरून हुकूम आला होता की ज्या शाळेत विसाच्या खाली पोरं, ती शाळा बंद, पोरं जवळच्या मोठ्या शाळेत. सावरटेपच्या शाळेच्या पटावर चोवीस होती. दरसाल शाळांचा साहेब येऊन ही मोजणी भादव्यात करायचा. तेव्हा वाडी भरलेली असते, लावणी उरकलेली असते, पोरं ओढ्यातल्या चिंबोऱ्या खिशात घालून का होईना पण शाळेत असतात. यंदा मोजणी निवडणुकीत अडकली आणि दिवाळीपार गेली. दिवाळीनंतर सावरटेपला शोधायला गेलात तर म्हातारी माणसं आणि मांजरं. तेव्हा टोळी गेली म्हणजे शाळा गेली. आणि शाळा गेली म्हणजे पोरांनी टेपाचं टेकाड उतरून, ओढा ओलांडून जांभूळवड्याला जायचं. पावसाळ्यात त्या ओढ्याला बाप्या माणसाच्या छातीएवढं पाणी. पहिलीतलं पोर तिथून शाळेला जाईल असं कागदावर लिहिणाऱ्यानं तो ओढा कधी पाहिला नसणार.

सावरटेप म्हणजे किन्हवलीकडून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, जांभूळवडे गावाच्या वर, टेपावर बसलेली वाडी. खालच्या गावात शेतीवाले, भाताची खाचरं, बंगले. वर कातकरी. झोपड्यांखालची जमीन कुणाची म्हणून विचारलं तर गाववाले म्हणतात आमची, फॉरेस्टवाले म्हणतात आमची. कातकऱ्यांची आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, कातकऱ्यांनीसुद्धा.

गोदी त्या वाडीची पहिली शिकलेली बाई. तिची आई लहानी. लहानी जन्मभर मोळी विकत आली. उजाडायच्या आत रानात, आणि उन्हं वर येईस्तो किन्हवलीच्या हॉटेलांच्या मागच्या दाराला. पोरीला शिकवायचं असं काय लहानीच्या डोक्यात नव्हतं. तिची थोरली पोर भट्टीवर, माती भिजवायच्या खड्ड्यात पडून गेली. त्यानंतर धाकटीला भट्टीवर न्यायची नाय एवढंच तिनं ठरवलं. मग ठेवायची कुठं? आश्रमशाळेत. तिथं भात मिळतो. गोदी भात खाता खाता दहावी झाली, बारावी झाली, मुरबाडला डीएड झाली. लहानीला डीएड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ती बाजारात सांगायची, "माजी पोर मोठी शाला शिकतंय, वरची."

वरची शाळा शिकली, शिक्षकाची परीक्षा पण पास झाली, आणि तिथं गाडं रुतलं. कायम नोकरीला जातपडताळणी लागते, आणि पडताळणीला पन्नास सालाआधीचा पुरावा. आजा-पणजा शाळेत गेला होता का? जमीन होती का? सातबाऱ्यावर, जन्माच्या नोंदीत, कुठं तरी नाव? झिपरू हिलम, गोदीचा आजा, त्याचं नाव कुठं लागलं असेल तर फक्त सावकाराच्या शिवीत. जांभूळवड्यात पाय टाकला की "कातोडीन आली" म्हणून लांबून ओळखायला अख्खं गाव. आणि जिल्ह्याला गेलं की पुरावा आण. तीन खेपा घातल्यावर गोदीनं नाद सोडला. मग सावरटेपच्या शाळेवर कुणी कायमचा गुरुजी टिकेना म्हणून तिला मानधनावर घेतली. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची, दर पावसाळ्यात परत लागायची, रोपासारखी.

तिच्या आधीचे गुरुजी पोरांना सांगायचे, तुमची भाषा घरी ठेवून या. पोरं भाषेला घरी एकटं सोडायची नाहीत, तीही तिच्यासोबत घरीच राहायची. गोदी आली आणि म्हणाली, "काय बोलायचा ता बोला, पन हिकडं येऊन बोला." पोरं यायला लागली. त्यात काही जादू नव्हती. तिची पोरगी भूमिका दुसरीत होती, तीही त्यातच. गोदीचा नवरा संजू दरसाल कोंडूच्या टोळीत. यंदा तोही वळकटी बांधून बसला होता आणि बायकोला काही बोलत नव्हता. बोलत नव्हता हेच बोलणं.

आता या वाडीची एक रीत सांगायला पाहिजे. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

टेपाच्या तोंडाशी एक मोठा कातळ आहे. त्यावरून खालचा रस्ता वळणापर्यंत दिसतो. त्या कातळावर वाडीचं एक माणूस कायम बसलेलं असतं. फॉरेस्टची जीप वळणावर आली की तिथून हाळी जाते. लांब, बारीक, पाखरासारखी: कूऽऽ. हाळी गेली की वाडी रिकामी. कोयता, कुऱ्हाड, अर्धी बांधलेली मोळी, जे हातात असेल ते घेऊन माणसं रानात. पोरं सगळ्यांत पुढं, कारण मागं राहिलेलं पोर धरून फॉरेस्टवाले विचारतात, बाप कुठाय. जीप गेली की दुसरी हाळी, तुटक: कू, कू. ती मोकळी हाळी. ती आल्यावर माणसं उतरतात. कातकऱ्याचं पोर चालायला लागतं तेव्हा आधी हे शिकतं, मग बाकीचं.

लहानीच्या डोळ्यांत मोती पडले, मोळी सुटली, तेव्हापासून कातळावरची जागा तिची. दिसत नव्हतं, पण कान असा की वळणापलीकडून येणाऱ्या गाडीची जात सांगायची. ही एसटी. ही दुधाची. हा सरपंचाचा पोरगा, गेअर टाकायला शिकला नाय अजून.

गोदीनं घरोघर जाऊन सांगितलं होतं, "सायेब मोटरसायकलवं येल. सायेब लोक मोटरसायकलवंच येतात. आली का कोनी हलायचा नाय. पोरांनला दाबून बसवा." आईला वेगळं सांगितलं. लहानी म्हणाली, "मोटरसायकलला कवा हाळी दिली मी? येडी समजतेस काय गो मला?"

गोदीचं काय चुकलं म्हणावं, तर एवढंच. साहेब दरसाल जसा आला तसाच येईल असं तिनं धरलं.

साहेबाच्या कमरेत गेल्या पावसात चमक भरली होती, डॉक्टरनं पट्टा बांधला आणि मोटरसायकल बंद केली. ऑफिसच्या गाड्या निवडणुकीला गेल्या त्या अजून परत आल्या नव्हत्या. एका दिवसात पाच शाळा करायच्या, तर साहेबानं ओळख काढून फॉरेस्टची जीप मागून घेतली, ड्रायव्हरसकट.

त्या दिवशी सावरटेपची पोरं न्हायली होती. लहानीनंच सकाळी ओढ्यावर नेऊन एकेकाला दगडानं घासलं होतं. डोक्याला तेल. ज्याच्या अंगात सदरा नव्हता त्याला शेजारच्याचा. प्रार्थना झाली, पाढे झाले, गोदीनं पाटीवर शब्द घातले. बाया शाळेभोवती बसल्या होत्या, लग्नाला बसल्यासारख्या. कोंडू टेम्पोवाल्याला फोन लावून आला, म्हणाला, "दुपारला मोजून झाला का रातीला पडग्याला पोचतो. शेट म्हनतो आजचा दिस बगतो, उद्या दुसरी टोली घेतो."

मग कातळावरून आली. लांब, बारीक.

गोदी फळ्याकडं तोंड करून उभी होती. तिचा खडू थांबला आणि मागं वळेपर्यंत वर्गात वारा शिरल्यासारखं झालं. पोरं दारानं गेली नाहीत, दार रस्त्याकडं तोंड करून आहे. मागच्या खिडकीला गज नव्हते. एक, त्याच्या पाठीवर दुसरं, शेळ्या कुंपण ओलांडतात तशी. खिडकीत सगळ्यांत आधी पाय टाकला तो भूमिकानं, मास्तरणीच्या पोरीनं.

"बसा," गोदी ओरडली. "बसा रे, सायेब हाय तो. शालेचा सायेब हाय."

बाहेरच्या बाया नव्हत्या. कोंडू नव्हता. संजू नव्हता. वर्गात चार पोरं उरली होती. खिडकीला हात न पुरणारी. ती पण भिंतीशी उड्या मारत होती.

जीप येऊन आंब्याखाली उभी राहिली. साहेब कमरेवर हात ठेवून उतरला, सावकाश चालत आत आला, खुर्चीत बसला, घाम पुसला. वर्गाकडं बघितलं.

"बाई, पट चोवीस ना तुमचा?"

"हो सर. आहेत. आत्ता होती." गोदी साहेबाशी पुस्तकातलं बोलायची. "या पाट्या बघा ना सर. पुसल्याची ओल आहे अजून."

"पाट्यांचं काय करू? पाट्या शिकतात का?"

"गाडीला घाबरली सर. फॉरेस्टची गाडी आहे ना. इथं फॉरेस्टची गाडी आली की..."

"मग बोलवा. मी बसतो की. पळून काय मुंबईला गेली नाहीत."

साहेब वाईट माणूस नव्हता. तो खरंच बसला. गोदी पळत कातळावर गेली. लहानी तिथं तशीच बसलेली, तोंड रस्त्याकडं, मान ताठ. काम चोख केल्यावर माणूस बसतं तशी.

"आये, काय केलंस गो तू?"

"फॉरेस्टची हाय. लांबनंच वलकली. पाटा खालचा मोडलाय तिचा, तसाच वाजतो."

"तिच्यात शालेचा सायेब हाय. पोरां मोजायला आलाय. मोकली हाली दे. दे बेगीन."

लहानीनं कान शाळेकडं वळवला. मग म्हणाली, "गाडी उबी हाय ना अजून?"

"उबी हाय. पन तू दे."

"गाडी उबी असता मी कवा दिली नाय."

"आज दे गो."

लहानीनं दिली. कू, कू. आवाज कापला तिचा. रानात सगळ्यांनी ऐकली ती हाळी. करवंदीच्या जाळ्यांत बसलेल्या माणसांना खाली आंब्याखालची जीप दिसत होती, आणि जीप उभी असताना म्हातारी मोकळी हाळी देत होती, तीही कापऱ्या आवाजात. याचा अर्थ वाडीतलं शेंबडं पोर सांगेल. म्हातारीला धरलीय. तिच्याकडून वदवून घेतायत. माणसं उतरली नाहीत, ती पोरांना घेऊन आणखी वर सरकली, पार पाण्याच्या टाक्यापर्यंत.

गोदी साडी खोचून टेप चढली. हाका मारत, नावं घेत, रडवेली, शिव्या घालत. तिच्या हाकेला पाचच पोरं बाहेर आली, भूमिका धरून. बाकीच्यांना हाका ऐकू गेल्या, पण मास्तरणीला पण धरली असेल, काय सांगावं. तिनं भूमिकाला काखोटीला मारलं, उरलेल्यांना पुढं घातलं आणि खाली आली.

"सर, गाडी तेवढी वळणापलीकडं लावा. मग उतरतील. आत्ता उतरतील सगळी."

"ड्रायव्हर बघा कुठाय," साहेब म्हणाला.

ड्रायव्हर झोपड्यांच्या मागून येत होता. त्याच्या हातात एक कुऱ्हाड होती, खांद्यावर दोन कोयते. मागच्या अंगणात मोळीजवळ पडलेले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या कामाला आलेला माणूस, पण इथं आल्यावर हात आपोआप तिकडं गेले. त्यानं ते जीपमध्ये मागं टाकले, खणकन वाजले, आणि वर करवंदीत जे कुणी बघत असेल त्याची खात्री झाली.

साहेबानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. गाडी मागून आणलेली. मालकाच्या गड्याला काय बोलणार? त्यानं पोरं मोजली. बोटानं, एकेकाच्या डोक्याकडं दाखवत.

"नऊ."

"सर, चोवीस आहेत. तुम्ही हवं तर गावात विचारा. उद्या या, मी रांगेत उभी करते."

"उद्या मुरबाडच्या बाजूला आहे मी. हे बघा बाई, मी काय तुमचा वैरी नाही. मला डोळ्यांना दिसेल ते लिहायचं आहे. नऊ दिसली, नऊ लिहिली." तो उठला, कमर धरली. दाराशी थांबून म्हणाला, "आणि खिडकीला गज बसवून घ्या. पोरं पडायची."

जीप वळणापार गेली. लहानीनं पुन्हा मोकळी हाळी दिली, आता धड आवाजात. पंधरा-वीस मिनिटांत रानातून वाडी उतरली. पोरं सगळ्यांत पुढं, तेल लावलेल्या डोक्यात करवंदीचा पाला, उसन्या सदऱ्यांना काटे. तिसरीतला एक धापा टाकत गोदीसमोर येऊन उभा राहिला. तोंड नुसतं फुललेलं.

"बाय, येक पन गावला नाय आमच्यातला."

गोदीनं त्याच्या डोक्यातला पाला काढला. शाब्बास म्हणावं की थोबाडीत मारावी, तिला कळेना. तिनं दोन्ही केलं नाही.

कोंडूला सगळं कळायला वेळ लागला नाही. तो पायरीवर बसला, तंबाखूची डबी काढली, बंद केली.

"म्हंजे मोजनी झाली," तो म्हणाला.

"झाली."

"मंग आमी मोकलं."

टेम्पो दुसऱ्या दिवशी आला. पडघ्याची भट्टी दुसऱ्या टोळीला गेली होती. शेटनं फोनच उचलला नाही. कोंडूनं दोन-चार मुकादमांना विचारून खाडीपलीकडची भट्टी धरली. तिथं पाणी खारं आणि झोपड्या चिखलात. कुणी गोदीला बोल लावला नाही. बाया टेम्पोत चढताना तिच्या गालावरून हात फिरवून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संजू तेवढा म्हणाला, "पोरीला ठेव तू. तिकडं खड्डं खोल हायेत म्हनतात." कोंडूनं टोपलीतल्या कोंबड्यांवर गोणपाट टाकलं आणि पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. कुऱ्हाड गेलेल्या घरचा माणूस शेवटपर्यंत ड्रायव्हरला विचारत होता की ती फॉरेस्टच्या ऑफिसात मागितली तर देतात का.

त्या संध्याकाळी लहानी चुलीपाशी बसून होती. एकेक काटकी आत सारत होती. मग म्हणाली, "पन फॉरेस्टचीच व्हती ना गो?"

"व्हती."

"मंग."

पुढं दोघींनी त्यावर कधी बोलणं काढलं नाही. लहानी रोज कातळावर जायची ती जातेच. वाडीत आता पळायला कुणी नाही, म्हातारी-कोतारी तेवढी, तरी जाते.

संक्रांतीच्या सुमाराला हुकूम आला. सावरटेपची शाळा जांभूळवड्याच्या शाळेत सामावून घेतली. सामावून घेतली असाच शब्द होता. फळा, दोन खुर्च्या आणि तराजू गावातल्या ट्रॅक्टरमधून खाली गेले. चोवीस नावंही खाली गेली. पोरं खाडीपलीकडं माती तुडवत होती. गोदीचं मानधन त्या महिन्यापासून थांबलं.

जांभूळवड्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिका निर्मलाबाई. गावातल्याच, शेतीवाल्या घरच्या, नोकरीची बरीच वर्षं झालेल्या. आधी महिन्याच्या बैठकीला भेटायच्या तेव्हा गोदीला हिलम मॅडम म्हणायच्या, चहा पुढं करायच्या. त्यांचा निरोप आला, खिचडीवाली बाई सोडून गेलीय, येतेस का. निर्मलाबाईंना वाटलं आपण भलं करतोय, आणि त्यात खोटंही काही नव्हतं. गोदी गेली. भूमिकाला शाळा पाहिजे आणि शाळेच्या चुलीला लाकडं आणायला बाई पाहिजे, दोन्ही एका रस्त्यावर होतं. पहिल्याच दिवशी निर्मलाबाई म्हणाल्या, "गोदी, डाळ आधी भिजत घाल हं." हिलम मॅडम ओढ्यापलीकडं राहिल्या.

गावातले काही बोलले. कातोडणीच्या हातचं पोरांनी खायचं का? उघड कुणी आलं नाही भांडायला, आता तसं येत नाहीत. दोन घरची पोरं डबे आणायला लागली. त्यांच्या पोटाला मसूर बाधते, असं सांगितलं.

वर्गाची आणि खिचडीच्या खोलीची भिंत एकच. पलीकडं हरेश सर शिकवायचे. बरं शिकवायचे. गोदी तांदूळ निवडताना ऐकायची, मग ऐकायची नाही, मग लाकडं मोडायची मोठ्यानं. हरेश सरांनी एकदा डोकावून म्हटलं, "गोदीताई, थोडं हळू," आणि परत गेले. त्यांच्याच जागेवर गंडांतर होतं हे तिला तोवर ठाऊक नव्हतं.

माघ सरता सरता जांभूळवड्याची मोजणी आली. शाळेला तीन शिक्षक आणि पोरं कमी पडत होती. एक जागा जाणार, आणि जाणार ती सगळ्यात नवख्याची, हरेश सरांची. साहेब तोच. कमरेचा पट्टा सुटला होता, गाडी पांढरी, नवी, आवाज न करणारी. ती फाटकातून आत आली तरी पोरं जागची हलली नाहीत. भूमिका तेवढी ओळीत अर्धी उठली, आजूबाजूला बघितलं, खाली बसली.

साहेब ओसरीवर बसला, खिचडीच्या खोलीच्या दाराशीच. मोजून झालं. निर्मलाबाई शेजारी उभ्या.

"हे तर कमी भरतंय, बाई."

"सर, सावरटेपची आलीत ना आपल्याकडं. चोवीस."

"मला एकच दिसली त्यातली."

"हंगामी गेलीत सर. भट्टीवर. पावसाळ्याला येतात. दरसाल जातात, सगळ्यांना माहीत आहे."

साहेबानं पटावरच्या नावांवरून बोट खाली नेलं. आत गोदीचा पळीवरचा हात थांबला होता.

"बरोबर आहे," साहेब म्हणाला. "हंगामी स्थलांतर आहे. ती धरायलाच पाहिजेत. धरा." आणि मग जरा खालच्या आवाजात, हसत, "नाहीतर उद्या तुमचे सरपंच माझ्या टेबलासमोर."

चोवीस धरली. हरेश सरांची जागा राहिली. ते ओसरीच्या कडेला उभे होते, त्यांनी एकदा खिचडीच्या खोलीकडं बघितलं आणि पोरांना जेवायला बसवायच्या निमित्तानं तिकडं निघून गेले.

हाकेच्या टप्प्यात करवंदीत बसलेली पोरं धरली नव्हती. खाडीपलीकडची धरली. गोदीनं ते मनात एकदा उलटं करून बघितलं, एकदा सुलटं. दोन्ही बाजूंनी तेवढंच होतं. ओसरीवर जाऊन बोलावं असं तिच्या मनात आलं. काय बोलणार? धरू नका म्हणणार? मग पावसाळ्यात परत आल्यावर पोरांची नावं कुठंच नसती. भूमिका तेवढी एकटीच पटावर उरली असती.

निर्मलाबाईंनी हाक मारली, "गोदी, साहेबांना वाढ गं."

तिनं ताट नेलं. साहेबानं घास घेतला, मान हलवली, वर बघितलं. ओळख पटायला दोन घास लागले.

"तुम्ही त्या टेपावरच्या बाई ना? खिडकीवाल्या?"

"हो सर."

"बघा. शेवटी सोय लागली ना तुमची." मनापासून म्हणाला तो. "छान झालीय खिचडी."

"अजून वाढू?"

"थोडी."

तिनं वाढली. मग पोरांच्या ओळीला वाढलं, भूमिकाला सगळ्यांसारखीच एक पळी. साहेबाची पांढरी गाडी आवाज न करता गेली. कातळावर बसलेल्या म्हातारीला ती आल्याचंही कळलं नसेल, गेल्याचंही. पोरांची ताटं धुऊन झाली. पातेल्याच्या बुडाला खिचडी करपून धरली होती. गोदीनं पातेलं आंब्याखाली ओढत नेलं, चुलीतली मूठभर राख घेतली, पदर खोचला आणि घासायला बसली.